वाळूत रुतलेल्या गाडीच्या मालकांस

रा. रा. चारचाकीधारक साहेब,



सर्वप्रथम अभिनंदन. नाताळ असो, मे महिना असो की शनिवार-रविवारला जोडून आलेली एखादी सुट्टी, आपण वर्तमानपत्रात झळकल्याशिवाय ती पार पडत नाही. गाव कधी हर्णै असते, कधी कर्दे, कधी गुहागर. गाडीचा रंग बदलतो, बातमी तीच राहते. पर्यटकाने गाडी थेट समुद्रात घातली, चाके रुतली, भरती चढू लागली, आणि मग गावातली पोरे, दोरखंड, ट्रॅक्टर, शेवटी जेसीबी. सोबतच्या चित्रफितीत बॉनेटवरून लाट जात असते, आत वायपर आपले काम निष्ठेने करत असतात आणि आपण गुडघाभर पाण्यात उभे राहून कोणाला तरी फोन लावत असता. विमा कंपनीला लावत असाल तर धीर धरा. गाडी समुद्रात कशी गेली, हा प्रश्न तिथेही विचारला जाणार आहे.

आपल्या वाहनकौशल्याबद्दल मला काडीचीही शंका नाही. ओहोटीची ओली वाळू सपाट दिसते आणि टणकही असते, हे आपले निरीक्षण अचूक आहे. वाळूच्या कणांमधला पाण्याचा पातळ थर त्यांना एकमेकांशी धरून ठेवतो. मात्र त्याच फटी पाण्याने पूर्ण भरल्या की पकड सुटते, आणि परतणारी प्रत्येक लाट टायरखालची थोडी वाळू ओढून नेते. दरवाजा उघडून, गॉगल चढवून, रील काढण्यासाठी आपण थांबता, तेवढ्या अवधीत हे काम उरकते. मग आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबता, चाक जागच्या जागी फिरते आणि स्वतःचा खड्डा स्वतः खणते. फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर चार खड्डे. यात समुद्राने कसलीही फसवणूक केलेली नाही. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला हिशेब जुना आणि उघड आहे: तिथीला तिनाने गुणावे, चाराने भागावे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या, आणि तीही उधाणाची. रोज साधारण पाऊण तास पुढे. एवढे नेमाने एसटीही सुटत नाही. आपल्या स्वयंपाकघरात टांगलेल्या दिनदर्शिकेत तिथी छापलेली असते. चतुर्थीचा उपास तिच्यावरूनच तर धरला जातो.

पण गाडी आपली, हप्ते आपले, बुडाली तर आपली बुडाली. एवढ्यासाठी पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. रुतलेली गाडी निदान एका जागी थांबते. माझे भांडण आहे ते रुतण्यापूर्वी आपण किनाऱ्यावर जो लांबलचक फेरफटका मारलात त्याच्याशी, आणि ज्या गाड्या न रुतता, बातमीत न येता, सुखरूप लॉजवर परततात त्यांच्याशी. सुरूच्या बनातून पाण्याकडे उतरताना आपण जो कोरड्या, भुसभुशीत वाळूचा पट्टा ओलांडता, तो आपल्याला मोकळा दिसतो. तिथे इमारत नाही, कुंपण नाही, वॉचमन नाही; म्हणजे जागा रिकामी, आणि रिकामी जागा म्हणजे पार्किंग. आपला सगळा गैरसमज या एका हिशेबात आहे.

गुहागरचेच घ्या. राज्यात समुद्री कासवांची घरटी मोठ्या संख्येने सापडतात अशा किनाऱ्यांपैकी हा एक. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री पाण्याबाहेर येते, भरतीच्या रेषेच्या वर, म्हणजे नेमकी आपल्या पार्किंगच्या पट्ट्यात, मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खोल खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि अंगाने वाळू दाबून-ठोकून पूर्वीसारखी करून निघून जाते. घरटे कुठे आहे हे कोणाला कळू नये, हाच तिचा उद्देश. मागे उरतो तो फक्त तिच्या सरपटण्याचा माग, जाताना एक आणि येताना एक. कासवमित्र पहाटे उजाडण्याआधी किनारा चालून काढतात ते हा माग शोधण्यासाठी. तो सापडला तर अंडी काढून जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत पुरता येतात. नाही सापडला तर घरटे कोल्ह्या-कुत्र्यांच्या नशिबाला. आता या मागावरून रात्री अकराला आपली गाडी दोनदा गेली, की पहाटे येणाऱ्या माणसाला वाळूत काय दिसणार? आपल्या टायरची नक्षी. ३१ डिसेंबरची गर्दी आणि अंडी घालण्याचा हंगाम एकाच वेळी येतो, हे कासवांचे दुर्दैव. त्यांना आपल्या सुट्ट्यांची यादी कोणी पाठवलेली नाही.

आपण म्हणाल, अंडी हॅचरीत सुरक्षित असतात, मग गाडीने काय बिघडते? सुरक्षित असतात ती सापडलेली. न सापडलेल्या घरट्यावर चाक गेले की वरची वाळू दाबली जाते आणि खालून वर येऊ पाहणाऱ्या पिल्लांना वाट राहत नाही. ती वर आलीच, तरी पुढे चाकोऱ्या आहेत. पिल्लू जेमतेम दीड इंचाचे. आपल्यासाठी जी चाकोरी वीतभर खोल, ती त्याच्यासाठी भिंतींचा बोळ. त्यातून चढून बाहेर पडता येत नाही म्हणून ते समुद्राला समांतर धावत सुटते, आणि कावळ्यांना उजाडायचाच अवकाश असतो. शिवाय पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात. अंधाऱ्या किनाऱ्यावर उजळ बाजू म्हणजे समुद्र, हा त्यांचा लाखो वर्षांचा अनुभव आपले हेडलाइट एका रात्रीत खोटा ठरवतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हे कासव वाघाच्या पंगतीत बसलेले आहे. ताडोब्यात वाघिणीच्या पिल्लांवर गाडी घालण्याची कल्पनाही आपल्याला सहन होणार नाही. इथे फरक एवढाच की पिल्ले वाळूखाली आहेत आणि फोटोत येत नाहीत.

दुसरा आक्षेप ठरलेला: गावकऱ्यांचे ट्रॅक्टर चालतात, मग आमच्या गाड्यांनीच काय पाप केले? होडी ओढायला ट्रॅक्टर उतरतो तो ठरलेल्या वाटेने, कामापुरता, आणि चालवणाऱ्याला वाळू ठाऊक असते. तो तिथे गोल गोल फिरून वाळू उडवत नाही. भाड्याने वाळूवर चारचाकी मोटारसायकली पळवणारे स्थानिक मात्र आपलेच चुलतभाऊ. हे पत्र त्यांनीही स्वतःलाच आले असे समजावे. तिसरा आक्षेप केरळचा. कन्नूरजवळ मुळप्पिलंगाड येथे किनाऱ्यावर गाडी चालवायला परवानगी आहे, हे खरेच. एका किनाऱ्यावर आहे म्हणून सगळ्या किनाऱ्यांवर असावी, हा न्याय लावायचा तर विमाने धावपट्टीवर उतरतात म्हणून आपल्या सोसायटीच्या आवारातही उतरावीत. आणि चौथा, सर्वांत जड आक्षेप: आम्ही येतो म्हणून तुमच्या चुली पेटतात. पर्यटनाचा पैसा कोकणाला हवा आहे, यात वाद नाही. पण वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये कासवांचे काम सुरू केले, त्यातून पुढे कासवांची पिल्ले पाहायला येणाऱ्या पाहुण्यांकडूनही तिथल्या घरांत चार पैसे येऊ लागले. ते पाहुणे गावात मुक्काम करतात, घरचे जेवतात आणि किनाऱ्यावर चालत जातात. चुली त्यांच्याही पैशावर पेटतात.

बाकीच्या तक्रारी एकेका ओळीत उरकतो. हेदवीच्या बामणघळीत भरतीचे पाणी कातळाच्या चिरेतून उसळते ते लांबूनही छान दिसते, कडेला उभे राहून पाठ फिरवण्याची गरज नाही. डॉल्फिन पाठलाग केल्याने जवळ येत नाहीत. मर्यादवेलीवर सतरंजी अंथरू नये, ती वाळू धरून बसलेली असते. बाटल्यांबद्दल काही लिहीत नाही.

आणि तरीही, साहेब, आपली कीव येते. आपण राहता तिथे मुलाला पळायला मैदान उरलेले नाही. जे होते त्यावर टॉवर उभा आहे. आपण इथे आलात मुंबई-गोवा महामार्गाने, ज्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि ज्यावर पुढच्या कित्येक गणेशोत्सवांना नव्या मुदतीचा नैवेद्य चढला. तासन्‌तास खड्डे चुकवत, वळणरस्त्यांवर ट्रकच्या मागे सरपटत आलेल्या माणसाला समोर खड्डा नसलेली, सिग्नल नसलेली सपाट वाळू दिसली, तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जाणारच. आयुष्यात पहिल्यांदाच गाडी जाहिरातीतल्यासारखी पळते. ती जाहिरातही कोणी केली? लाटा उडवत किनाऱ्यावरून भरधाव जाणारी एसयूव्ही दाखवायची आणि खाली मुंगीच्या अक्षरांत लिहायचे की हे कुशल चालकाने केले आहे, आपण करू नये. लाखो रुपये घेऊन माणसाला स्वप्न विकायचे आणि त्याने ते खरे केले की त्याचे हसे होऊ द्यायचे, हा निर्लज्जपणा आहे. तेवढाच निर्लज्जपणा किनाऱ्यावर उतरणारा रस्ता थेट वाळूत नेऊन सोडणाऱ्यांचा. तिथे चार मोठे दगड टाकायला कोणता निधी लागतो? बातमी आली की एक गुन्हा नोंदवायचा, फलक रंगवायचा, तो पावसाळ्यात पडला की पुढच्या बातमीची वाट पाहायची. आपण मूर्खपणा केलात, साहेब. पण तो करता यावा याची तजवीज पगारी माणसांनी केली होती.

२०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर खूण लावलेली एक मादी २०२५ च्या सुरुवातीला गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्याची कासवे पश्चिमेलाही अंडी घालतात, हे त्यातून कळले. तिच्या खुणेवरचा क्रमांक वाचता आला म्हणून. आपण वारंवार म्हणता की इथे पाहण्यासारखे काय आहे, म्हणून हे कळवले.

तेव्हा पुढच्या खेपेस गाडी रस्त्यावर ठेवा आणि चालत या. वाळू पायाला चालते. ते नच जमले, तर एक व्यवहारी सूचना. गाडी बाहेर काढताना ट्रॅक्टरवाल्याशी घासाघीस करू नका. भरती चढत असते, आणि घाई त्याला नसते.

कळावे, लोभ आहे तसाच राहावा, गाडी मात्र वर असावी.

आपला,
किनाऱ्यावरचा एक पादचारी