फाशीचं बिल आलं होतं म्हणे!

वहिनी, कढीपत्ता सावकाश तोडा, पण कान इकडे द्या. एखाद्याला फाशी दिली आणि वर त्या फाशीच्या खर्चाचं बिल त्याच्याच नावाने पाठवलं, असं कधी ऐकलंयत? नाही ना? मग या अशा कुंपणाजवळ.

माणसाचं नाव आंतोनियो पानित्सी. आम्हा ग्रंथपालांच्या धंद्यातलं फार मोठं नाव. जन्म 1797 चा, इटलीतल्या ब्रेशेल्लो गावचा. इटली आपली म्हणायची. तेव्हा तिथे एक देश कुठे होता? नुसती संस्थानं. हे गाव मोदेनाच्या ड्यूकच्या राज्यातलं. मुलगा पार्माला शिकून 1818 मध्ये वकील झाला. घरच्यांना वाटलं असेल, लागला मार्गाला. तर हा लागला कार्बोनारींच्या नादी. म्हणजे ड्यूकांची राज्यं उलथवायच्या शपथा घेणारी गुप्त मंडळी हो. 1822 मध्ये धरपकड सुरू झाली, तसा हा निसटला. निसटला तो निसटला, वर ड्यूकच्या खटल्यांचं पितळ उघडं पाडणारं पुस्तक छापलं! मग काय, 1823 मध्ये त्याच्या पाठीमागे खटला चालवून देहान्ताची शिक्षा ठोठावली आणि माणूस हाती लागेना म्हणून प्रतिमेला फासावर चढवलं. पुढे तिकडच्या सरकारी वसुलीवाल्याचं पत्र आलं, फाशीचा खर्च 225 फ्रँक झाला, तेवढे भरा. याने उत्तर धाडलं ते कैलासवासी पानित्सीच्या आत्म्याच्या नावाने, थेट स्वर्गातून!

हसताय काय? पुढचं ऐका. 1823 मध्ये हा इंग्लंडात पोचला. खिशात दमडी नाही, इंग्रजीचा गंध नाही. फोस्कोलो नावाचा इटालियन कवी तिथे आधीच परागंदा होऊन राहिलेला. त्याने लिव्हरपूलच्या रॉस्को नावाच्या विद्वानाला चिठ्ठी दिली. तिथे हा पाचेक वर्षं इटालियनच्या शिकवण्या करत होता. तिथेच ब्रूम नावाच्या बड्या वकिलाशी ओळख झाली. नव्याने निघालेल्या लंडन युनिव्हर्सिटीत 1828 मध्ये हा इटालियनचा प्रोफेसर झाला. पण विद्यार्थी येणार किती? तोवर ब्रूमसाहेब मंत्रिमंडळात बसलेले. त्यांच्या वजनाने 1831 मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जादा मदतनीस म्हणून चिकटला.

वशिला? होताच की. मी कुठे नाही म्हणते! पण वशिल्याने खुर्ची मिळते, काम नाही येत. याला काम येत होतं.

1836 मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे त्याची साक्ष झाली. त्याने सरळ सांगितलं की ज्ञानाच्या बाबतीत गरिबातल्या गरीब विद्यार्थ्याला देशातल्या सगळ्यांत श्रीमंत माणसाइतकीच सोय मिळाली पाहिजे आणि ती करणं सरकारचं काम आहे. आज आपल्याला यात काही वाटणार नाही. पण तेव्हा घरी मोठी ग्रंथसंपदा असणारे लॉर्ड लोक म्युझियमचे विश्वस्त! त्यांच्यापुढे परक्या देशातून पळून आलेला, उच्चारही धड न बसलेला माणूस हे बोलतोय. वहिनी, त्याचा सगळा जन्म त्या एका वाक्याच्या मागे गेला असं माझं मत आहे.

आता भांडणं सांगते, त्यासाठीच तुम्ही थांबलाय हे मला माहीत आहे. 1837 मध्ये छापील पुस्तकांच्या विभागाचं प्रमुखपद रिकामं झालं. हक्काने नंबर होता हेन्री केरीचा. दान्ते इंग्रजीत आणणारा तो केरी. बिचारा बायको गेल्यापासून मनाने खचलेला. जागा मिळाली पानित्सीला. झालं! परका माणूस डोक्यावर बसवला म्हणून पेपरांत बोंब. हस्तलिखितांच्या विभागाचा प्रमुख फ्रेडरिक मॅडन, तोही त्याच सुमारास नेमलेला. दोघांत ज्येष्ठ कोण यावरून जे वाजलं, ते जन्मभर. आपल्या ऑफिसांतली सीनिऑरिटीची लिस्ट आठवली ना? मॅडन रोज रात्री डायरीत पानित्सीच्या नावाने बोटं मोडायचा. त्या डायऱ्या त्याने ऑक्सफर्डच्या ग्रंथालयाला दिल्या, अट अशी की 1920 पर्यंत उघडायच्या नाहीत.

आणि कार्लाइल! केवढा मोठा लेखक. त्याला म्हणे बसायला वेगळी खोली हवी होती. पानित्सीने दिली नाही. का द्यावी? एकाला दिली की गरीब विद्यार्थ्याचं ते वाक्य गेलं वाऱ्यावर. कार्लाइल चिडला, छापून टोमणे मारले. लंडन लायब्ररी म्हणून वर्गणीवर चालणारं वेगळं ग्रंथालय 1841 मध्ये निघालं, त्यात त्याचा पुढाकार. भांडणातून एक ग्रंथालय वाढलं, म्हणजे तेही वाईट नाही म्हणा.

पण खरं महाभारत झालं ते कॅटलॉगवरून. तुम्हाला वाटेल, यादी करायची त्यात काय एवढं? असंच विश्वस्तांनाही वाटायचं. समजा, तुम्ही वाचनालयात आलात आणि ‘गोविंदाग्रजांचं काय आहे’ म्हणालात. मागून भाऊ आले आणि ‘राम गणेश गडकऱ्यांचं द्या’ म्हणाले. माणूस एकच, पण यादी करणाऱ्याने एक नोंद इकडे, एक तिकडे केली असेल तर दोघंही अर्धंच घेऊन घरी जाणार. पानित्सीने चार मदतनिसांना घेऊन असल्या सगळ्या अडचणींवर 91 नियम बांधले. टोपणनावाने लिहिलंय? टोपणनावाखाली नोंदवा, खरं नाव कळलं तर कंसात द्या. लेखकाचं नावच नाही? त्याचा नियम वेगळा. एकाच पुस्तकाच्या दहा आवृत्त्या असतील तर त्या शेजारीशेजारी दिसल्या पाहिजेत, म्हणजे वाचकाला हवी ती निवडता येईल. 1841 मध्ये ते नियम छापून आले आणि जगभरच्या ग्रंथालयांनी पुढे नियम केले ते त्यांच्यावर पाय ठेवूनच.

विश्वस्तांना मात्र घाई. यादी लगेच छापा! हा सांगत होता की सगळी तयार होऊ दे, कारण शेवटच्या कपाटापर्यंत जाईस्तोवर ‘ए’ अक्षराचे लेखक निघतच राहणार. ऐकतंय कोण? 1841 मध्ये ‘ए’चा खंड छापला आणि गाडी तिथेच अडली. 1847 मध्ये चौकशी आयोग बसला. आयोगाचा सचिव होता कॉलियर, शेक्सपिअरचा पंडित. तो म्हणाला, एवढे नियम कशाला, मी तासाभरात 25 पुस्तकं नोंदवून दाखवतो. दाखवली. पानित्सीच्या विंटर जोन्स नावाच्या मदतनिसाने ती तपासली, तर चुकांचा नुसता सडा! आयोगाचा निकाल पानित्सीच्या बाजूने लागला. आणि हेच कॉलियरसाहेब पुढे जुन्या ग्रंथावरच्या बनावट नोंदींच्या प्रकरणात उघडे पडले. घ्या!

पुस्तकं आणायलाही हा तितकाच खमका. 1845 मध्ये ग्रंथालयात काय काय नाही याचा अहवालच सरकारपुढे ठेवला आणि खरेदीसाठी वर्षाला 10,000 पौंड पदरात पाडून घेतले. म्हातारे ग्रेनव्हिलसाहेब याचे दोस्त; 1846 मध्ये जाताना आपली वीस हजारांहून जास्त पुस्तकं म्युझियमला देऊन गेले. वरून कायदा होताच, की छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने म्युझियमला द्यायची. देत कुणीच नव्हतं! 1850 मध्ये वसुलीचा अधिकार पानित्सीकडे आला आणि त्याने बड्याबड्या प्रकाशकांना कोर्टात खेचलं. स्कॉटलंड, आयर्लंडापर्यंत स्वतः फिरला. शिव्या भरपूर खाल्ल्या, पण पुस्तकांचा ओघ सुरू झाला.

एवढी पुस्तकं ठेवायची कुठे? 1852 च्या एप्रिलात त्याने पेन्सिलीने एक आकृती काढली. म्युझियमच्या मधल्या रिकाम्या चौकात गोल वाचनकक्ष. सिडनी स्मर्क या वास्तुकाराने ती उतरवली आणि 2 मे 1857 ला दालन उघडलं. घुमटाचा व्यास 140 फूट, मधोमध देखरेखीची जागा, भोवती कॅटलॉग आणि तिथून चहूकडे फुटणाऱ्या बाकांवर तीनशेच्या वर वाचक. सभोवार लोखंडी कपाटांचे मजले. आग लागू नये म्हणून लोखंड बरं का! लोकांना पाहायला खुलं ठेवलं तर आठवडाभरात साठ हजारांवर माणसं येऊन गेली.

तिथे कोण बसलं विचारा. कार्ल मार्क्स तर आधीच्या जुन्या खोलीपासूनचा वाचक. आणि 1920 नंतर पुन्हा लंडनला शिकायला गेलेले आपले बाबासाहेब आंबेडकर सकाळी येऊन संध्याकाळपर्यंत याच घुमटाखाली वाचत बसायचे. गरीब विद्यार्थी आणि श्रीमंताइतकीच सोय, आठवतंय ना ते वाक्य? आपल्या मराठी पुस्तकांचीही तिथे आबाळ झाली नाही. ब्लुमहार्ट नावाच्या पंडिताने केलेली म्युझियममधल्या मराठी-गुजराती पुस्तकांची यादी 1892 मध्ये छापली गेली.

पानित्सी 1856 मध्ये अख्ख्या म्युझियमचा प्रमुख झाला, 1866 मध्ये निवृत्त. लग्न केलं नाही. मायदेशचा नाद मात्र सुटला नाही. नेपल्सच्या कैद्यांना सोडवायला त्याने पैसे जमवून चक्क जहाज मिळवलं होतं, ते वाटेतच फुटलं. गॅरिबाल्डी 1864 मध्ये लंडनला आला तेव्हा याच्याकडे येऊन गेला. पुढे ज्या इटलीत याच्या प्रतिमेला फासावर चढवलं, ती एक झाल्यावर तिनेच 1868 मध्ये त्याला सिनेटर केलं आणि 1869 मध्ये इंग्लंडच्या राणीने ‘सर’. 1879 मध्ये लंडनलाच वारला.

आता मुद्द्याचं, वहिनी. भाऊंनी तुमच्या घराण्याचा इतिहास गेल्या महिन्यात छापला ना? गठ्ठे माळ्यावर आहेत, मला माहीत आहे. प्रकाशकाने ग्रंथालयाला प्रत द्यायची, तसाच कायदा आपल्याकडेही आहे, 1954 चा. छापल्यापासून 30 दिवसांच्या आत एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत एशियाटिकमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, अशा चार ठिकाणी पाठवायची, टपालखर्च आपला. इथेही फारसं कुणी पाठवत नाही आणि इथे पानित्सीही नाही कोर्टात खेचायला. म्हणून मीच सांगते. भाऊंना म्हणावं, चार प्रती उद्याच बांधा. पत्ते मी लिहून देते.