देवासचे दर्यासारंग

काप्तानसाहेबांची नाव त्यांच्या अंगणात ट्रकच्या चार जुन्या टायरांवर विसावलेली असते. अठरा फुटांची, फायबरची, पोटाला निळा पट्टा. पावसाळ्यात तिच्यात गुडघाभर पाणी साचतं, एरवी तिचा आणि पाण्याचा संबंध नाही. देवासहून समुद्र म्हणजे अवंतिका एक्स्प्रेसची एक अख्खी रात्र. आणि गावाचं म्हणाल, तर १९९० च्या सुमारास इथं प्यायचं पाणीच आगगाडीनं आणावं लागत होतं. कोणी तो विषय काढला, की काप्तानसाहेबांचं उत्तर तयार असतं. "ज्या गावात पाणी गाडीतनं आलं, तिथं नाव ट्रकमधनं आली तर बिघडलं कुठं?"

माळव्यातल्या मराठी मोहल्ल्यांत असा एक गृहस्थ हमखास सापडतो. पूर्वज दक्षिणेतून आले, नर्मदा ओलांडली आणि इथंच राहिले. आता नातवा-पणतवांना वाटतं, की येताना काहीतरी पलीकडच्या काठावर राहून गेलं. कोणाला ते गाणं वाटतं, कोणाला गोडा मसाला. आमच्या काप्तानसाहेबांना वाटतं, समुद्र राहिला. वास्तविक ते पूर्वज घोडदळातले. पण हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही.

नोकरी त्यांनी नोटांच्या कारखान्यात केली. आयुष्यभर छापल्या त्या नोटा सरकारच्या, स्वतःच्या म्हणून हाती आल्या त्या नावेत गेल्या, असं वहिनी म्हणतात. निवृत्तीच्या वर्षी मुंबईच्या भाच्यानं त्यांना मित्राच्या शिडाच्या बोटीवर नेलं, तिथं सगळं सुरू झालं. बोट गेटवेसमोर पाण्यातच नांगरलेली होती, छोट्या होडीतून तिच्यापर्यंत जायचं. चार दोस्त, डब्यात तळलेले बोंबील, दुपारी मांडव्याचा धक्का, दुसऱ्या दिवशी खांदेरी-उंदेरीला वळसा. खांदेरी शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतली, तर शेजारच्या उंदेरीवर सिद्दी येऊन बसला. दोन बेटं, दोन मालक आणि मधे तोफा! काप्तानसाहेबांना एकदम घरच्यासारखं वाटलं.

वाटणारच. देवासचं राज्य तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार भावांचं. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. एकाच गावात दोन दरबार, रस्त्यावरच्या दिव्यांची आणि पाण्याची व्यवस्थासुद्धा दोन. संस्थानं जाऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी पाच माणसं एकत्र आली की तासाभरात त्यांच्या दोन पात्या होतात. नाव पाच दोस्तांनी वर्गणी काढून घेतली आणि पहिलं भांडण नावेच्या नावावरून झालं. टेकडीवर देवी दोन, तुळजा मोठी माता आणि चामुंडा छोटी माता. आधी कोणाचं लिहायचं? महिनाभर नाव निनावी राहिली. शेवटी डाव्या अंगाला 'तुळजा' आणि उजव्या अंगाला 'चामुंडा' असं रंगवलं. त्यामुळे नाव कोणती, हे तुम्ही कुठं उभे आहात त्यावर ठरतं.

काप्तानसाहेबांचा दिवस पहाटे गच्चीवर सुरू होतो. जामगोदराणीच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्यांची तोंडं कुठं आहेत ते दुर्बिणीतून पाहून ते व्हॉट्सॲपवर वाऱ्याची दिशा कळवतात. वारा अनुकूल असला, तर आम्ही भाजी आणायला निघतो. डावं-उजवं हे शब्द त्यांनी घरातून हद्दपार केले आहेत. जेवताना "पापड स्टारबोर्डला ठेवा" म्हणतात. वहिनी पापड आहे तिथंच ठेवतात आणि ताट फिरवतात.

पण काप्तानसाहेबांचं खरं वैभव म्हणजे त्यांचा नांगर. बारा किलोचा, लोखंडी, चार पंजांचा. मुंबईहून त्यांनी तो अवंतिकेतून खालच्या बाकाखाली घालून आणला. रात्री कोणाचा तरी पाय त्यावर आपटला आणि रतलामपर्यंत डब्यात आरमाराची चर्चा झाली. नाव पाण्यात गेली नव्हती, तोवर नांगर वाड्याच्या मागच्या दाराशी असायचा. ते दार वाऱ्यानं फार आपटतं. "एकदा खोल पाणी दिसू दे," काप्तानसाहेब त्याच्यावरून हात फिरवत म्हणायचे, "मग बघा."

नांगराला विरोध फक्त धारच्या मास्तरांचा. मास्तर पाचवे भागीदार, संस्कृतचे, आणि भोजराजाबद्दल कोणी एकेरी बोललं तर चहा टाकून उठणारे. भोजाच्या नावावर 'युक्तिकल्पतरु' नावाचा ग्रंथ आहे. त्यात नौकांचं अख्खं प्रकरण आहे, लाकडं कोणती घ्यावीत, लांबी-रुंदी किती असावी, दालनं कुठं काढावीत, सगळं. समुद्रात चुंबकाचे खडक असतात, ते लोखंड ओढून घेतात, म्हणून सागरी नौकेच्या फळ्या लोखंडानं जोडू नयेत, असंही त्यात बजावलेलं आहे. मास्तरांनी ते नांगरालाही लावलं. काप्तानसाहेबांनी विचारलं, भोजराजा कधी समुद्रावर गेला होता का? मास्तर म्हणाले, धारच्या माणसाला जावं लागत नाही.

मला हे उत्तर फार आवडलं. समुद्राचं तोंड न पाहता नौकाशास्त्र सांगण्याची परंपरा या मुलखात हजार वर्षांची आहे. शेजारी मांडूला तर गियासुद्दीन खल्जीनं दोन तलावांच्या मधे सव्वाशे मीटरच्या आसपास लांबीचा दगडी जहाज महाल उभा केला. पाचशे वर्षं झाली, जहाज जागचं हललेलं नाही. काप्तानसाहेब आम्हाला दर श्रावणात त्याच्या गच्चीवर नेऊन सुकाणूचे धडे देतात. त्या जहाजावर त्यांच्या हातून एकही चूक झालेली नाही.

मास्तरांनी आमच्या नावेचंही माप घेतलं. ग्रंथात सर्वांत लहान नौकेचं नाव क्षुद्रा, लांबी सोळा हात. आमची भरली बारा. म्हणजे क्षुद्र म्हणवून घ्यायलाही चार हात कमी. काप्तानसाहेब दोन दिवस बोलले नाहीत.

शेवटी एका ऑक्टोबरात निघालोच. सरदार सरोवराचं पाणी धार जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला कुक्षीकडे पसरतं, तिथं मोहीम ठरली. ट्रकवर नाव, मागे जीपमध्ये आम्ही. तयारीच्या यादीत एक्केचाळीस बाबी. धारला मास्तरांना उचललं, पोहे-जिलबी झाली. पुढं ज्या ज्या गावातून ट्रक गेला, तिथली माणसं विचारत होती, "कुठं पूर आला?" नकाशा काप्तानसाहेबांनी स्वतः काढलेला. त्यात सात बेटं आणि तीन मरिना. मरिना म्हणजे घाटाच्या पायऱ्या. बेटं मात्र खरी होती. त्या पूर्वीच्या टेकड्या, पाणी चढलं की बेटं होतात आणि उन्हाळ्यात पुन्हा टेकड्या. "अशी हंगामी बेटं मुंबईवाल्यांकडे आहेत का?" काप्तानसाहेबांनी विचारलं. नाहीत, हे सगळ्यांनी कबूल केलं.

निसरपूरच्या बाजूच्या घाटावरून नाव पाण्यात सोडली. ती तरंगली याचं सर्वांत मोठं आश्चर्य काप्तानसाहेबांना वाटलेलं दिसलं, पण त्यांनी ते पटकन टोपीखाली घेतलं. वाट दाखवायला एक केवट घेतला होता, तिशीतला, अबोल. काप्तानसाहेबांनी त्याची तांडेलपदी नेमणूक केली. त्यानं विरोध केला नाही. दुपारी पहिल्या बेटावर दाल-बाफले झाले. तुपात बुडवलेले चार-चार बाफले खाल्लेल्या पाच माणसांना वेगळा नांगर लागत नाही, हे तेव्हा कळलं. नाव कडेपासून हलेना. तांडेलानं खाली उतरून ढकलली.

दुसऱ्या बेटावर दोन पात्या पडल्या. तुळजावाल्यांना पुढं जायचं होतं, चामुंडावाल्यांना परत. उन्हं कलली होती, पाणी तेलासारखं स्थिर. काप्तानसाहेब एकाएकी उभे राहिले, नाव डचमळली. "आता बोलणी बंद," ते म्हणाले. "मध्यावर जायचं. नांगर टाकायचा. वर चहा करायचा. उद्याचं उद्या." कित्येक वर्षांचा नवस होता तो. मास्तरसुद्धा चुंबकाबद्दल काही बोलले नाहीत.

मध्यावर इंजिन बंद झालं. काप्तानसाहेबांनी नांगर दोन्ही हातांनी उचलून काठावर ठेवला, दोर सोडवला, आणि रीत म्हणून तांडेलाला विचारलं, "कितना गहरा है?"

त्यानं पाण्याकडे पाहिलं. "गहरा है, साब. नीचे चिखल्दा है."

"चिखल है?" मास्तरांनी विचारलं. त्यांना चिखल ऐकू आलं होतं.

"चिखल्दा. हमारा गाँव." मग हातानं दाखवत, पत्ता सांगावा तसं तो म्हणाला, "उधर बजार. इधर स्कूल. हमारा घर थोड़ा आगे, जहाँ वो साब बैठे हैं उसके नीचे."

तिथं मी बसलो होतो. मी उगाच जरा सरकलो.

धरण २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत, म्हणजे काठोकाठ भरलं, तेव्हा चिखल्दा आणि निसरपूर पाण्याखाली गेली. हे आम्ही पेपरात वाचलं होतं, कुक्षीकडे पाणी झालं म्हणून खूशही झालो होतो. कोणी काही बोलेना. एका बगळ्यानं नावेला प्रदक्षिणा घातली.

काप्तानसाहेब नांगर धरून तसेच उभे होते. बारा किलो बराच वेळ धरले की हात थरथरायला लागतात. मग त्यांनी तो सावकाश, आवाज न करता, पुन्हा नावेच्या तळाशी ठेवला आणि दोर गुंडाळायला घेतला.

"इथं नाही टाकायचा," ते म्हणाले. "कोणाच्या घरावर पडेल."

चहा आम्ही काठावर येऊन घाटाच्या टपरीत घेतला. तांडेलाचे पैसे देताना काप्तानसाहेबांनी टोपी काढली होती, ती घालायची राहून गेली आणि जीपमध्ये मास्तर तिच्यावर बसले.

नाव पुन्हा टायरांवर आहे. पवनचक्क्यांचा अहवाल रोज येतो, पुढच्या ऑक्टोबरच्या यादीत आता चव्वेचाळीस बाबी झाल्या आहेत. नांगर मागच्या दाराशी आहे. परवा वहिनींनी तो जरा सरकवून पाहिला, तर दार आपटलंच.