परण्यातलं हॉलिवूड

२०१६च्या ‘सैराट’ सिनेमात गाणी अवघी चार. पण त्यांच्यासाठी संगीतकार अजय-अतुल यांनी थेट हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. एवढा खटाटोप करून गाणी माजलगावच्या लग्नसराईत पोचली आणि डीजेच्या भिंतीपुढे व्हायोलिनं बिचारी गुदमरली.

त्यातलं ‘झिंगाट’ लागलं की परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळाकडे सरकतच नाही. मुहूर्त टळतो, अक्षता हातात घामेजतात, नवरदेवाचे मामा रुमाल दातांत धरून नागीण होतात.

सोयरीक जुळवताना याच मामांनी पोटजातसुद्धा तपासून घेतलेली असते! आता सिनेमात जात ओलांडून पळालेल्या आर्ची-परश्याच्या गाण्यावर तेच बेभान. सिनेमाचा शेवट काय होता, असं विचारलं तर घाम पुसत सांगतात, “गाणी लई भारी होती राव!”