मधोमध मौदा

हजिरा ते पारादीप, हवाई अंतर साधारण १४५० किलोमीटर. म्हणजे विमानाला दोन तास, असं गणित सांगतं. पारादीपला प्रवासी विमानतळच नाही, ही किरकोळ बाब गणिताला ठाऊक नसते. भुवनेश्वरला उतरायचं आणि पुढचे शंभरावर किलोमीटर गाडीनं हाणायचे; ते त्या दोन तासांत धरलेलेच नाहीत.

जमिनीवर मात्र ही दोन्ही बंदरं राष्ट्रीय महामार्ग ५३ नं जोडलेली आहेत, आणि तो जातो आमच्या मौद्यावरून. नकाशावर फूटपट्टी ठेवा, मौदा जवळजवळ मधोमध येतं. इकडेही समुद्र सातशेवर किलोमीटर, तिकडेही तेवढाच. दोन्ही किनाऱ्यांवर आमचा सारखाच हक्क, वाट्याला तेवढी कन्हान नदी.

उडायचंच असेल तर पूर्वेला जाणाऱ्यानंही आधी पश्चिमेला, नागपूरच्या सोनेगावला जायचं. हे चाळीसेक किलोमीटर उलटे, वर पारडी नाक्याची गर्दी, वर विमानतळावरची रांग. तोवर हवेतले दोन तास जमिनीवरच संपतात.

तेव्हा उड्डाणाला किती वेळ लागतो ते खुशाल कुणालाही विचारा. घरून किती वाजता निघायचं, ते मात्र मौद्याच्या बसस्टँडवर विचारा.