मूळचे कुठले?

परदेशात दोन मराठी माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मूळचे कुठले?" ऑकलंडचे आमचे नाना हाच प्रश्न पक्ष्यांना, झाडांना आणि किड्यांनाही विचारतात. बागेत चिमणी आली म्हणून आपण कौतुकानं सांगायला जावं, तर नाना नाक मुरडतात, "ती इंग्लंडची." ब्लॅकबर्ड? "तोही तिकडचाच." हेजहॉग? "गोऱ्यांना घराची आठवण यायची म्हणून आणलेला. रात्री अंडी खातो." एकदा ट्यूई येऊन फांदीवर बसला, तेव्हा मात्र नानांनी हातातला चहा खाली ठेवला. ट्यूई इथला. पार मूळचा.

नाना स्वतः साताऱ्याचे. नागरिकत्वाची शपथ घेतली त्याच आठवड्यात त्यांनी उंदराचा सापळा विकत घेतला. दोन्ही गोष्टी त्यांच्या लेखी एकच. न्यूझीलंड सरकारनं २०१६ साली जाहीर केलं, की २०५० पर्यंत देशात बाहेरून आलेले उंदीर, स्टोट आणि पॉसम हे प्राणी संपवायचे. नानांनी ते मनावर घेतलं. मुदतीआधी फाइल बंद करायची त्यांना जुनी सवय आहे.

त्यांच्याकडे जेवायला गेलात तर श्रीखंडाच्या दुसऱ्या वाढपाबरोबर हा इतिहास पानात पडणारच. ८ कोटी वर्षांपूर्वी ही जमीन मोठ्या खंडापासून सुटली. जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणाल तर इथलं फक्त वटवाघूळ. पळवणारं कुणी नाही म्हणून कितीतरी पक्षी उडायचंच विसरले. मग माणूस आला, त्याच्याबरोबर उंदीर आला. १८३७ साली कातडीच्या धंद्यासाठी ऑस्ट्रेलियातून पॉसम आणला. शिकारीसाठी ससे आणले, ते माजले, म्हणून १८८० च्या दशकात स्टोट आणले. पण सशामागे धावण्यापेक्षा जमिनीवर बसलेला पक्षी उचलणं सोपं, हे त्या लांबट, मुंगसासारख्या प्राण्याला लगेच कळलं. "एक चूक निस्तरायला दुसरी चूक," असं म्हणून नाना पुरी मोडतात. पॉसमचा राग त्यांनी वेगळ्या मार्गानं काढला. त्याच्या लोकरीचे हातमोजे त्यांनी साताऱ्यातल्या सगळ्या नातेवाइकांना पाठवले. आत्यांनी ते घालून मे महिन्यात फोटो काढला.

नाना शुद्ध शाकाहारी, हा खरा घोळ. "सापळा मारतो. मी फक्त नोंद करतो," ही त्यांची भूमिका. आमिष म्हणून पीनट बटर लावायचं, सकाळी मान वळवून झाकण उघडायचं आणि मोबाइलवर तारीख, जात आणि संख्या भरायची. आमिषाच्या बरणीवर त्यांनी "उंदीर" अशी चिठ्ठी लावली आहे. तरीही पुण्याच्या एका पाहुण्यानं त्यातलं ब्रेडला लावून खाल्लं आणि चांगलं आहे म्हणाला.

नानांच्या आई इकडे यायच्या होत्या, तेव्हा नानांनी फोनवरून त्यांच्या चपलांचे तळवे दातांच्या ब्रशनं घासून घेतले. मातीचा कण नको. तुळशीच्या मंजिऱ्यांची पुडी मात्र आईंनी कनवटीला लावून आणलीच. न सांगता काही आणलं तर विमानतळावर ४०० डॉलर दंड. नानांनी पत्नीमार्फत, म्हणजे आमच्या वहिनींमार्फत, निरोप धाडला, आईंनी मंजिऱ्या टाकून दिल्या, आणि पहिले दोन दिवस त्या मुलाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नाना त्यांना तिरितिरी मातांगी बेटावर घेऊन गेले. बेटावर पूर्वी शेती होती. १९८४ पासून दहा वर्षं स्वयंसेवकांनी तिथं २ लाख ८० हजारांच्या आसपास झाडं लावली, उंदीर हटवले आणि पक्षी परत आणले. तिथं तुरुतुरु चालणारा निळा, लाल चोचीचा गुबगुबीत ताकाहे पाहून आई विरघळल्या. हा पक्षी संपला असंच सगळे धरून चालले होते, १९४८ मध्ये तो पुन्हा सापडला, हे ऐकून त्यांनी त्याला लांबूनच नमस्कार केला.

नानांची दुखरी नस एकच, आणि ती वहिनींना ठाऊक आहे. कुंपणावर कलकलाट करणारी, दुसऱ्यांच्या घरट्यांत घुसणारी साळुंकी १८७० च्या दशकात इथं आणली गेली, आणि ती मूळची आपलीच. इथल्या दक्षिणेच्या डोंगरांत झुडपं फस्त करणारा ताहर नावाचा रानबोकड हिमालयातला, १९०४ साली भेट म्हणून आलेला. साळुंकी दिसली की नाना रागावत नाहीत, ओशाळतात. घरचं कार्टं शेजाऱ्याच्या पोरांना मारून आल्यासारखे. "आणि आपण कधीचे इथले?" वहिनी विचारतात. "आपण कुणाची अंडी खात नाही," नाना म्हणतात.

खरा पेच गेल्या गणपतीत पडला. सप्टेंबर म्हणजे इथला वसंत, पक्ष्यांच्या विणीचा हंगाम, सापळ्यांची सगळ्यात निकड असलेला. वहिनींनी बजावलं, "गणपती घरात असताना उंदीर मारायचा नाही." नानांनी युक्तिवाद केला, "बाप्पाचं वाहन आपला मूषक. हा जहाजी उंदीर, गोऱ्यांच्या बोटीतून आलेला." तेव्हा शाळकरी मुलीनं अभ्यासाचं पुस्तक पुढे सरकवलं. जहाजी उंदराचं मूळ ठिकाण, भारतीय उपखंड.

नाना बराच वेळ गप्प होते. सापळे मिटले, दहा दिवस नोंदवही कोरी राहिली, रोज आरतीनंतर ते खिडकीतून ट्यूईच्या झाडाकडे बघत राहिले. यंदापासून नानांकडचा गणपती दीड दिवसाचा आहे.