शिवराईवाले आप्पा

दर तालुक्याला एक तरी नाणेवेडा असतोच. मुक्ताईनगरच्या वाट्याला आप्पा आले. पेन्शनच्या नोटा ते न मोजता खिशात कोंबतील, पण शिवराई दिसली की आधी चष्मा पुसणार, मग भिंग काढणार.

त्यांचा जीव भांड्यांच्या दुकानातल्या मोडीत. घंगाळाच्या तुकड्यांत एखादा ढब्बू निघाला की फोन येतो, "आप्पा, काहीतरी काळंकुट्ट निघालंय." काळंकुट्ट म्हटलं की आप्पांची कळी खुलते. एका दिवाळीत काकूंनी तांब्या-घागरीबरोबर दोन शिवरायाही चिंच-मीठ लावून लख्ख केल्या. शेजारणींनी कौतुक केलं. आप्पांनी सुतक पाळलं.

शिवराईचा साचा नाण्याहून मोठा, त्यामुळे 'श्री राजा शिव' सहसा पुरतं उमटत नाही. एका बाजूला नुसता 'जा', दुसरीकडे 'पति'चं शेपूट. उरलेलं आप्पा स्वतः वाचतात. पाहुण्याने "हो, दिसतंय" म्हटल्याशिवाय आत चहा सांगितला जात नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत होळकरांचा बैल आणि गायकवाडांची तलवार सुखाने शेजारी नांदतात. पुतण्या जर्मनीला निघाला तेव्हा घरच्यांनी चॉकलेटं सांगितली. आप्पांनी 1871 च्या एकीकरणाआधीच्या एखाद्या टीचभर संस्थानाचा तांब्याचा फेनिग सांगितला. चॉकलेटं आली.

महाशिवरात्रीला चांगदेवच्या यात्रेत संगमावर एक पोरगं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातले पैसे ओढत होतं. दर्शनाची रांग सोडून आप्पा ओरडले, "अरे, तांबं चिकटत नाही त्याला! चाळण आण, चाळण!"

त्यांचा खरा वैरी म्हणजे 'कंपनीचं नाणं' घेऊन येणारा. परवा एक जण आला. नाण्यावर मारुती आणि साल 1818.

"आप्पा, तांदूळ ओढतं हे. कोटीला जातं."

"1818 ला कंपनीने पेशवाई गिळली. मारुतीची नाणी पाडायला तिला कुठली सवड?"

तरी त्याने ऐकलं नाही. शेवटी ताटात मूठभर तांदूळ आले, मधोमध नाणं ठेवलं. पाच मिनिटं दोघंही टक लावून बसले. तांदूळ जागचे हलले नाहीत; माणूस हलला, दुसरं गिऱ्हाईक शोधायला.

काकूंनी ताट उचललं, तांदूळ धुतले आणि कुकरला लावले.