मेलेला घोडा, पान तीनशे अठ्ठ्याण्णव

घोड्याचं नाव वायुवेग. कपाळावर पांढरा चांद, डोळ्यांत अंगार, नाकपुड्यांतून वाफा. सूर्य मावळताना तो मिरजेच्या वेढ्यातून निघतो आणि रात्रीचा पहिला प्रहर सरायच्या आत अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी हजर होतो. मधे थांबत नाही, पाणी पीत नाही, चंदी मागत नाही, लीद टाकत नाही. ही सगळी दौड सोळा-सतरा पानांत उरकते आणि त्यातली नऊ पानं स्वार आपल्या प्रेयसीच्या आठवणीत घालवतो.

कादंबरीचं नाव सांगत नाही. गरजही नाही, तुमच्या घरात ती आहेच. जाड पुठ्ठा, ढग फाडून बाहेर आलेली तलवार, नावात आग, वादळ किंवा रक्त यांपैकी निदान दोन, पाठीमागे लेखकाचा फेट्यातला फोटो आणि आतल्या पहिल्या कोऱ्या पानावर कुणीतरी कुणालातरी 'वाढदिवसानिमित्त सप्रेम'. सातशे पानं. अक्षर एवढं मोठं की चष्मा विसरलात तरी चालतं आणि ओळींमधून वायुवेगसुद्धा आरामात जाईल.

आता हिशेब करू. मिरज ते सातारा आजच्या रस्त्यानं सव्वाशे-एकशे तीस किलोमीटर. प्रहर तीन तासांचा. भागाकार पाचवीतल्या पोराला जमेल. ताशी बेचाळीसच्या आसपास, तेही न थांबता, अंधारात, १६६० सालच्या वाटेवरून. शर्यतीचा घोडा ताशी साठनं पळतो खरा, पण दोन-तीन मिनिटं. मग घाम जिरेपर्यंत त्याला हातानं फिरवावं लागतं. दख्खनच्या भीमथडी तट्टांची सगळी कीर्ती चिवटपणाची, थोडं खाऊन पुष्कळ चालण्याची. एका घोड्यावर दिवसाकाठी पन्नास-साठ किलोमीटर ही चांगली मजल झाली आणि त्यासाठीही त्याला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. आपली लाल गाडी हेच अंतर तीन-साडेतीन तासांत कापते. तिला डिझेल आहे आणि प्रत्येक नदीवर पूल आहे. वायुवेगाच्या वाटेवर सांगलीपाशी कृष्णा, कराडला कोयना, उंब्रजला तारळी आणि पुढे उरमोडी. पूल एकावरही नाही. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा. घोडा दोनशे एकोणसत्तर वर्षं लवकर निघाला.

बरं, नद्या कोरड्या असत्या तर एकवेळ गिळलं असतं. पण लेखकाला पाऊस पाडायची हौस. विजा कडाडतात, कृष्णा दुथडी भरून वाहते आणि वायुवेग 'क्षणार्धात' पैलतीर गाठतो. हे वाक्य सांगलीकराला वाचायला देणं हा अत्याचार आहे. ऑगस्टात दात घासायच्या आधी जो आयर्विन पुलाची पातळी बघतो, चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका हे ज्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, २०१९ साली सत्तावन्न फुटांवर गेलेलं पाणी ज्याच्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्याशी आलं, त्याला तुम्ही क्षणार्धात कृष्णा ओलांडून दाखवताय? आणि मिरजेचा वेढा १६५९ संपून १६६० लागतानाचा. पौष-माघ. त्या दिवसांत आमच्याकडे ऊसतोड चालते, लोक शेकोटीला बसतात. ढग शोधायला गेलात तर मुखपृष्ठावरच सापडतील.

पण खरी गंमत पुढे आहे. स्वार ज्या किल्ल्याकडे निघालाय, तो त्या वेळी आपला नव्हताच. साताऱ्याचा किल्ला स्वराज्यात आला १६७३ साली. १६६० मध्ये तिथं आदिलशाही शिबंदी. नावही तेव्हा अजिंक्यतारा नव्हतं. १७०० साली मोगलांनी किल्ला घेऊन त्याचा आझमतारा केला आणि मराठ्यांनी तो परत जिंकल्यावर अजिंक्यतारा हे नाव आलं. गडाखाली स्वार 'राजवाड्यासमोरच्या गजबजलेल्या पेठेतून' जातो, तो साताऱ्याचा राजवाडा एकोणिसाव्या शतकातला. आणि निरोप कुणाला द्यायचाय? राजांना. राजे तेव्हा कुठे होते? मिरजेच्या वेढ्यावर. म्हणजे ज्यांना निरोप द्यायचा त्यांच्या तंबूपासून निघून, चार नद्या ओलांडून, हा पठ्ठ्या थेट शत्रूच्या शिबंदीला निरोप द्यायला गेला. त्याला फितुरीखाली धरायचं सोडून लेखक त्याच्या गळ्यात सोन्याचं कडं घालतो. कडं गळ्यात घालत नाहीत हेही राहू द्या.

मिरज स्टेशनबाहेर टांगे उभे असायचे त्या काळातले एक म्हातारबा माझ्या ओळखीचे आहेत. ही दौड मी त्यांना वाचून दाखवली. प्रेयसीची नऊ पानं गाळून, कारण त्यांचं वय झालंय. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मास्तर, तोबरा कुठं बांधला म्हणता?" म्हटलं, बांधलाच नाही. "मग नाल कुठं बदलली?" नाही. "खरारा?" नाही. म्हातारबा म्हणाले, "मग ह्यो घोडा न्हाई. लिवणाऱ्यानं मोटरसायकलीला शेपूट लावलंय."

यावर माझं काही म्हणणं नाही. पण पान दोनशे बारावर वायुवेग मरतो. मरणारच. तोंडाला फेस, पाय दुमडलेले, मुक्या डोळ्यांतून ओघळणारं पाणी. स्वार त्याची मान मांडीवर घेतो आणि चार पानं रडतो. खरं सांगायचं तर इथं मलाही जरा गलबलून आलं, कारण सव्वाशे किलोमीटर पाण्याशिवाय पळवलेलं जनावर मेलं हे कादंबरीतलं पहिलं पटण्यासारखं वाक्य होतं. त्याला गडाच्या पायथ्याशी पुरतात, वर दगड ठेवतात, भगवा पटका बांधतात, डोंगर मान खाली घालतात. झालं. आपण पुढं जातो. दोन लढाया होतात, एक स्वयंवर मोडतं, एक साधू शाप देतो. आणि पान तीनशे अठ्ठ्याण्णववर, पन्हाळ्याच्या वाटेवर, स्वार शीळ घालतो आणि झाडीतून खिंकाळत कोण येतो? वायुवेग. कपाळावर चांदासकट.

माझ्याकडची प्रत तालुक्याच्या ग्रंथालयातली. या पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलंय, 'हा मेलेला ना?' खाली निळ्या पेनानं, 'दुसरा असेल.' त्याखाली पुन्हा पेन्सिल, दाबून, 'नाव तेच आहे. चांद पण.' मग तिसरं अक्षर, बाईचं वाटतं, लाल पेन, शाळेत वह्या तपासून वळण पडलेलं, 'लेखकाने मागील पाने वाचावीत. १० पैकी २.' आणि अगदी तळाला, शाई पुसट झालेली, 'दोन कशाबद्दल?' मी ग्रंथालयाच्या शिस्तीचा भोक्ता आहे, पुस्तकात लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. पण मराठी साहित्यसमीक्षेत इतकी नेमकी चर्चा मी बऱ्याच दिवसांत वाचलेली नाही. त्यानंतर मी कादंबरी वाचायची सोडून समासच वाचत गेलो. पान दोनशे तीस: नायिका एका उताऱ्यात निळं आणि पुढच्यात हिरवं लुगडं नेसलेली, समासात 'बदलायला गेली असेल.' पान चारशे सत्तर: स्वाराला गडावर कंदी पेढे वाढलेत, समासात 'घोड्याला पण द्या.' पान पाचशे दहा: लागोपाठ तीन पानांत सात वेळा कुणीतरी 'क्षितिजाकडे शून्य नजरेनं' पाहतं आणि पेन्सिलवाल्यानं प्रत्येक क्षितिजाला आकडा घातलाय. पान सहाशेच्या पुढं समास कोरे आहेत. तिथवर कुणी पोचलेलंच नाही.

मलपृष्ठावर मात्र वेगळंच जग आहे. तिथं 'अंगावर काटा आणणारी', 'एका बैठकीत संपवलेली', 'मराठी मनाचा हुंकार'. एका बैठकीत? सातशे पानं? त्या बैठकीलाही चंदी-पाणी नव्हतं की काय?

आता माझा राग. पहिल्या पानावर बारीक टाइपात छापलंय की ही कादंबरी आहे, इतिहास नव्हे. मलपृष्ठावर ठळक छापलंय की लेखकानं दहा वर्षं गडकोट तुडवून, दप्तरं धुंडाळून केलेली ही साधना आहे. एक काहीतरी ठरवा ना! चूक दाखवली की कल्पित, आणि विकायला काढली की संशोधन. शाळेत सप्रेम भेट द्यायची तेव्हा इतिहास, आणि घोडा दोनदा जगला की लेखनस्वातंत्र्य. त्यातून तुम्ही सौम्यपणे विचारलंत की बाबा, १६६० साली साताऱ्याच्या गडावर आपलं कोण होतं, तर लगेच तुमच्या निष्ठेची चौकशी. अहो, निष्ठा आहे म्हणूनच विचारतोय! ज्यांनी खरोखर तो वेढा घातला, ज्यांच्या खऱ्या घोड्यांनी खरी चंदी खाल्ली, ज्या मोतद्दारांनी थंडीत उठून खरारा केला, त्यांच्या कष्टांची किंमत तुम्ही एका 'क्षणार्धात'मध्ये शून्य करून टाकलीत. नदीला उतार कुठं मिळेल, डाक कुठं बदलायची, दाणागोटा कुठून यायचा याचा बंदोबस्त करता आला म्हणून लढाया जिंकल्या. तेच सगळं गाळून उरतं ते काय? वाफा.

कुणी म्हणेल, लोकप्रिय कादंबरी आहे, मास्तर, तिच्याकडून एवढी अपेक्षा कशाला. हे मला मुळीच मान्य नाही. आमची पिढी लोकप्रियावरच वाढली. फिरत्या वाचनालयातून रोजच्या भाड्यानं आणलेल्या रहस्यकथा आम्ही उसाच्या बांधावर बसून संपवल्या. कागद असा की शेंगदाणे बांधायलाही वाणी नको म्हणायचा. पण त्या रहस्यकथाकाराच्या गुप्तहेरानं सहाबारी पिस्तुलातून सातवी गोळी झाडली नाही! मेलेला परत आला तर तो जुळा भाऊ का होईना, काहीतरी खुलासा शेवटच्या पानावर असायचा. महिन्याला चार-चार पुस्तकं पाडणारा तो गरीब माणूस गोळ्या मोजायचा, आणि दहा वर्षं साधना करणाऱ्याला एक घोडा सांभाळता येत नाही. वाचकाला रंजन हवं असतं म्हणून त्याला अक्कल नसते, हे या मंडळींना सांगितलं कुणी? एकही समास त्यांनी वाचलेला दिसत नाही.

भुर्दंड पडतो तो ग्रंथालयाला. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग झाले आणि 'ड' वर्गातल्या ग्रंथपालाची अवस्था वायुवेगापेक्षा फार वेगळी नाही. पळायचं तेवढंच, तोबरा नाही. त्यातून ही आठशे रुपयांची वीट घ्यायची, कारण सभासद मागतात. एका विटेपायी पातळ, चांगल्या अशा चार कथासंग्रहांची जागा जाते. ते मागणारं कुणी नसतं. त्यांच्या मुखपृष्ठावर तलवार नसते.

माझा निकाल सरळ आहे. कादंबरी टाकाऊ आहे, विकत घेऊ नका. भेट आली असेल तर पुढच्या वाढदिवसाला पुढे सरकवा, पण पहिलं पान आठवणीनं फाडून. दुसरा भाग दिवाळीत येतोय. त्यात वायुवेगाचं शिंगरू आहे.